सुतापासून सुरापर्यंत : गिल्बर्ट ब्रिग्ज यांचे चरित्र

पंधरा ऑगस्टच्या सकाळी ध्वजवंदनाच्या वेळी खांबावर बांधलेला कर्णा तुम्ही सर्वांनीच पाहिला आहे. त्यातून निघणारे शब्द मैदानाच्या टोकापर्यंत स्पष्ट पोहोचतात. परंतु त्याच कर्ण्यातून आपल्या परसवाड्याच्या परिसरातील बैगा व गोंड बांधवांच्या करमा नृत्याचे ध्वनिमुद्रण लावून पाहा. गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येईल. पण मांदराचा तो खोल, छातीत घुमणारा ठेका जणू वाटेतच कोठे हरवून जाईल. असे का व्हावे? कर्णा मोठ्याने बोलतो, हे खरे. पण तो खरे बोलतो काय, हा प्रश्न निराळा आहे. आवाज मोठा करणे ही एक विद्या आणि आवाज जसा होता तसाच ठेवणे ही दुसरी.

पहिल्या विद्येने आपल्या देशाचे फार मोठे कार्य केले आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीत लक्षावधी लोकांच्या सभा भरत, तेव्हा नेत्यांचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत नेण्याचे काम मुंबईच्या नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ या संस्थेने केले. १९३१ च्या कराची येथील राष्ट्रसभेच्या अधिवेशनात त्यांचे ध्वनिक्षेपक होते, आणि पुढील अनेक सभांच्या छायाचित्रांत नेत्यांपुढील मायक्रोफोनवर त्या संस्थेचे नाव आजही वाचता येते. परंतु आज मी ज्यांची जीवनकथा सांगणार आहे, त्या पुरुषाने आपले आयुष्य दुसऱ्या विद्येस वाहिले. घरात बसून संगीत ऐकणाऱ्या सामान्य माणसाच्या कानी सतारीचा सूर सतारीसारखा आणि पियानोचा सूर पियानोसारखाच पडावा, हा त्यांचा ध्यास होता. त्यांचे नाव गिल्बर्ट आर्थर ब्रिग्ज. जुने ध्वनिक्षेपक जमविणारे, ते दुरुस्त करणारे आणि शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना करणारे रसिक जगात जेथे जेथे आहेत, तेथे तेथे हे नाव आदराने घेतले जाते.

ब्रिग्ज यांचा जन्म १८९० साली इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्ड शहराजवळील क्लेटन या गावी झाला. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या कापडाची जागतिक पेठ. आपल्याकडे मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांचा जसा एके काळी दबदबा होता, तसा त्या शहराचा होता. गिरण्यांची धुराडी, मागांचा खडखडाट आणि लोकरीचे गठ्ठे यांच्या सान्निध्यात वाढलेला मुलगा कापडाच्या धंद्यात शिरावा, यात नवल नव्हते. ब्रिग्ज त्याच व्यापारात शिरले आणि त्यांच्या तारुण्याची सारी वर्षे त्यातच गेली. ते अभियंता नव्हते, पदार्थविज्ञानाचे पदवीधर नव्हते, की कोणा प्रयोगशाळेचे संशोधकही नव्हते. होते ते एक कापडाचे व्यापारी, आणि संगीताचे वेडे.

त्यांचे विशेष प्रेम पियानोवर होते. हे वाद्य मोठे कठीण परीक्षक आहे. त्याचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे २७ कंपनांचा, तर सर्वांत वरचा ४,००० हून अधिक कंपनांचा असतो. त्यात पुन्हा हातोडीचा आघात क्षणात उमटतो आणि नाद मात्र सावकाश विरत जातो. पियानोचा आवाज यंत्रातून हुबेहूब काढणे म्हणजे इतके विस्तीर्ण क्षेत्र आणि इतका चपल आघात दोन्ही सांभाळणे होय. पियानोच्या आवाजाची ही ओढ ब्रिग्ज यांना आयुष्यभर पुरली; १९५१ साली त्यांनी या वाद्यावर, त्याच्या वादकांवर व त्याच्या नादशास्त्रावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आपल्या कानांना जो आवाज ठाऊक आहे, तो यंत्रातून का येत नाही, ही बोचणी अशा माणसास लागावी, हे स्वाभाविकच होते.

ती बोचणी समजावयाची तर त्या काळच्या ध्वनिक्षेपकाची हकिगत थोडी पाहिली पाहिजे. १९२५ साली अमेरिकेत राइस व केलॉग या दोन संशोधकांनी फिरत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे व्यवहार्य स्वरूप जगापुढे मांडले. त्याचे तत्त्व साधे आहे. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते. त्याला कागदाचा शंकू चिकटविलेला असतो. संगीताच्या आंदोलनांप्रमाणे बदलणारा विद्युत्प्रवाह वेटोळ्यातून गेला, की ते पुढेमागे हलते, त्याबरोबर शंकू हलतो आणि शंकू हवेला हलवितो. तत्त्व सोपे, पण व्यवहार अवघड. शंकू जड झाला तर उंच स्वर मंदावतात, फार लहान झाला तर खर्ज नाहीसा होतो. शंकूची कड ताठ असेल तर आवाज कोंडतो. पेटीच्या फळ्या थरथरू लागल्या, तर त्या आपलाच एक सूर गाऊ लागतात आणि मूळ संगीतात भेसळ होते. आरंभी सांगितलेल्या कर्ण्याचे कोडेही येथेच उलगडते. खर्जातील स्वरांच्या लहरी काही मीटर लांबीच्या असतात. कर्ण्याचे लहानसे तोंड त्या हवेत नीट सोडू शकत नाही. म्हणून माणसाचा शब्द पोहोचतो आणि मांदराचा ठेका हरवतो.

१९२९ नंतर जगभर आर्थिक मंदीचे सावट पसरले. ब्रॅडफर्डच्या कापड व्यापाराला तिचा जबर तडाखा बसला. वयाची चाळिशी उलटलेल्या ब्रिग्ज यांच्यापुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. या वयात माणूस बहुधा हाती असलेले सांभाळीत बसतो. ब्रिग्ज यांनी मात्र आपल्या छंदालाच धंदा करण्याचे ठरविले. १९३२ साली इल्कली गावातील आपल्या घराच्या तळघरात त्यांनी आपला पहिला ध्वनिक्षेपक तयार केला. इल्कली हे गाव व्हार्फ नावाच्या नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. त्या खोऱ्यास व्हार्फडेल म्हणतात. ब्रिग्ज यांनी आपल्या लहानशा उद्योगास तेच नाव दिले : व्हार्फडेल वायरलेस वर्क्स. नदीच्या नावाने सुरू झालेला तो संसार पुढे जगभर पोहोचला.

पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्डच्या रेडिओप्रेमी मंडळींच्या संस्थेने आपली वार्षिक स्पर्धा भरविली. ब्रिग्ज यांनी तेथे आपले ध्वनिक्षेपक पाठविले आणि पहिले व दुसरे ही दोन्ही बक्षिसे त्यांनाच मिळाली! त्या यशापाठोपाठ मालाची मोठी मागणी आली आणि तळघरातील उद्योगास कारखान्याचे रूप येऊ लागले. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास त्यांचा छोटासा कारखाना वर्षाला सुमारे ९,००० ध्वनिक्षेपक तयार करीत होता. पुढे हा कारखाना ब्रॅडफर्डच्या आयडल या भागात होता. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आळशी असा होतो. परंतु त्या आळशी नावाच्या जागी किती उद्योग चालत होता, हे पाहिले म्हणजे नावात काही नसते, हेच खरे वाटते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. कापडाच्या धंद्यात घालविलेली वर्षे वाया गेली, असे कोणासही वाटेल. पण ज्ञान कधी वाया जात नाही. शंकूची बाहेरची कड चौकटीला जोडताना ती मऊही हवी आणि टिकाऊही हवी, हा ध्वनिक्षेपक करणाऱ्यांपुढील मोठा प्रश्न होता. व्हार्फडेलच्या नामांकित ध्वनिक्षेपकांत ही कड कापडाची असे. आज सत्तर वर्षांनंतर असे जुने नमुने संग्राहकांच्या हाती येतात, तेव्हा कागदाचा शंकू पिवळा पडलेला असतो, चौकटीवर गंज चढलेला असतो. पण कापडी कड पुष्कळदा तशीच मऊ असते. याउलट पुढील काळात फोमच्या कडा प्रचारात आल्या; त्या पहिल्याने कापडाहूनही सरस वाटल्या, परंतु काळाच्या ओघात त्यांचा भुगा होतो आणि बोट लावताच त्या गळून पडतात. जुने ध्वनिक्षेपक दुरुस्त करणाऱ्यांचे निम्मे काम या गळलेल्या कडा काढून नव्या बसविण्याचेच असते. नवे ते सर्वच टिकाऊ, हा समज किती फसवा आहे, हे अशा वेळी कळते.

युद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, ब्रिग्ज यांनी आपले सहकारी अर्नेस्ट प्राइस यांच्यासह खालच्या स्वरांसाठी एक व वरच्या स्वरांसाठी दुसरा असे दोन शंकू वापरणारी योजना सिद्ध केली. एकाच गड्याकडून नांगरही ओढवून घ्यावा आणि सुईत दोराही ओववून घ्यावा, यापेक्षा दोन निराळे गडी ठेवणे बरे, असाच हा विचार होता. दोघांत स्वरांची वाटणी करण्यासाठी मध्ये एक विद्युत् जोडणी असते. तीच आजच्या बहुतेक सर्व चांगल्या ध्वनिक्षेपकांत सापडते.

पेटीच्या फळ्यांचा थरथराट थांबविण्यासाठी ब्रिग्ज यांनी योजलेला उपाय तर आपल्या खेड्यातील सुतारालाही पटेल असा आहे. त्यांनी प्लायवुडच्या दोन पातळ फळ्या घेतल्या आणि मधल्या पोकळीत कोरडी वाळू भरली! फळी हलू लागली, की वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि हालचालीची शक्ती उष्णतेत विरून जाते. फळीला स्वतःचा सूर काढण्यास वावच उरत नाही. ज्यांना घरीच पेटी करावयाची असेल, त्यांना ब्रिग्ज खोलीच्या कोपऱ्यात चक्क विटांची भिंत उभारण्याचा सल्ला देत. कारण वीट जड असते, ती सहसा कंप पावत नाही. थोर विद्या नेहमी महागड्या साधनांतच राहते असे नाही. कधी ती वाळूत आणि विटेतही सापडते. शोधणारी दृष्टी मात्र हवी.

१९४८ साली ब्रिग्ज यांनी ध्वनिक्षेपकावर आपले पहिले पुस्तक लिहिले व आपल्याच संस्थेतर्फे प्रसिद्ध केले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. मग ध्वनीचे पुनर्निर्माण, अॅम्प्लिफायर, पेट्या, स्टिरिओ अशा एकेका विषयावर पुस्तकांची मालिकाच सुरू झाली. ही पुस्तके विद्वानांसाठी नव्हती. संध्याकाळी घरी येऊन हातात करवत आणि डागणी घेणाऱ्या हौशी माणसासाठी होती. भाषा सोपी, विनोद प्रसन्न आणि वृत्ती निखळ प्रामाणिक. आपल्या धंद्याचे मर्म पुस्तकात छापून टाकले, तर लोक आपला माल विकत घेणार नाहीत, घरीच तयार करतील, अशी भीती दुसऱ्या एखाद्या व्यापाऱ्यास वाटली असती. ब्रिग्ज यांनी ती बाळगली नाही. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात तर त्यांनी या क्षेत्रातील इतर कर्त्या माणसांची चरित्रे एकत्र केली. जे बाजारात आपल्याशी स्पर्धा करतात, त्यांचाही गौरव करण्यास मन मोठे लागते.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसाचा प्रसंग. ध्वनिक्षेपक खरे बोलतो, असे सारेच विक्रेते म्हणत. पण ते सिद्ध कसे करावे? अमेरिकेत एडिसन यांच्या कंपनीने १९१५ च्या सुमारास गायिकेचे गाणे व तिचीच ध्वनिमुद्रिका एकापाठोपाठ ऐकवून श्रोत्यांस चकित केले होते. परंतु त्या प्रयोगांत गाणारी मंडळी आपला आवाज यंत्राच्या बेताने आवरून धरीत, हे पुढे समजले. ब्रिग्ज यांनी परीक्षा उघड्यावर घेण्याचे ठरविले. लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी १९५१ साली बांधलेले रॉयल फेस्टिव्हल हॉल हे सुमारे ३,००० श्रोत्यांचे भव्य सभागृह त्यांनी १९५४ च्या नोव्हेंबर महिन्यात आपल्या प्रयोगासाठी घेतले. त्यांच्या जोडीस अॅम्प्लिफायर करणारे नामांकित तंत्रज्ञ पीटर वॉकर हे होते. वॉकर यांचे प्रसिद्ध अॅम्प्लिफायर अवघ्या १५ वॉट शक्तीचे. आज लग्नाच्या मिरवणुकीत हजारो वॉटचा गडगडाट ऐकणाऱ्या आपणांस हा आकडा हास्यास्पदच वाटेल!

धोका लहान नव्हता. जो ध्वनिक्षेपक दिवाणखान्यात गोड वाटतो, तो तीन हजार माणसांच्या सभागृहात केविलवाणा ठरणे सहज शक्य होते. शिवाय व्यासपीठावर प्रत्यक्ष वादक आपले वाद्य वाजविणार आणि लगेच त्याचेच ध्वनिमुद्रण लावले जाणार. म्हणजे तुलना टाळण्यास जागाच नव्हती. एक अडचण आणखी सूक्ष्म होती. ध्वनिमुद्रण जेथे झाले त्या खोलीचा घुमारा ध्वनिमुद्रणात उतरलेला असतो, आणि ते ज्या सभागृहात वाजवावे त्याचा घुमारा त्यात मिसळतो. अशा दुहेरी घुमाऱ्यात सुरांचा चिखल होण्याची भीती. साठीच्या घरात आलेल्या कारखानदाराने बावीस वर्षांचे नाव एका संध्याकाळी पणास लावले होते. फजिती झाली असती, तर ती तीन हजार साक्षीदारांसमक्ष झाली असती.

पण प्रयोग यशस्वी झाला. श्रोत्यांनी सभागृह भरून टाकले, आणि लहानशा पेट्यांतून आलेल्या आवाजाने ते भरूनही निघाले. लोकांनी खरे वाद्य ऐकले, त्याचे प्रतिबिंब ऐकले आणि दोहोंतील अंतर किती उरले आहे, हे आपल्या कानांनी ठरविले. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या विख्यात कार्नेगी हॉलमध्येही ब्रिग्ज यांनी असा प्रयोग केला. या प्रयोगांचे महत्त्व ध्वनिक्षेपक वाद्याच्या अगदी बरोबरीस आला, यात नाही. तसा तो आजही पूर्णांशाने आलेला नाही. महत्त्व यात आहे, की एका कारखानदाराने आपला माल खऱ्याच्या शेजारी ठेवून न्याय करण्याचा अधिकार श्रोत्यांच्या हाती दिला.

१९५८ साली ब्रिग्ज यांनी आपली संस्था रँक या मोठ्या उद्योगसमूहाच्या स्वाधीन केली. तिचे काम ते पुढेही पाहत राहिले आणि १९६५ साली निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले तंत्रज्ञ रेमंड कुक यांनी १९६१ साली केईएफ ही स्वतःची संस्था काढली व तीही जगप्रसिद्ध झाली. चांगल्या गुरूचे कार्य त्याच्या शिष्यांतून चालू राहते, ते असे.

वाढत्या वयाबरोबर माणसाच्या कानांची शक्ती ओसरते. तरुणपणी सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. म्हातारपणी त्यांतील वरचे आवाज एकेक करून मावळतात. ज्याने कानांवरच आयुष्य उभारले, त्याला ही जाणीव किती बोचरी असेल! ब्रिग्ज यांनी मात्र त्या विषयाचाही अभ्यास केला आणि १९६७ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मनुष्याच्या श्रवणशक्तीवर पुस्तक प्रसिद्ध केले. स्वतःच्या दुबळेपणाकडेही कुतूहलाने पाहणे, ही ज्ञानी माणसाची खूण होय. १९७८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेचे मालक पुढे बदलले. पण त्या यॉर्कशायरच्या नदीखोऱ्याचे नाव धारण करणारे ध्वनिक्षेपक आजही बाजारात मिळतात.

आणि जुने? जुनेही आहेत. जगभर कितीतरी रसिक आपल्या घरी ते जतन करून ठेवतात. कोणी माळ्यावरच्या अडगळीतून एखादी पेटी खाली उतरवितो, धूळ झटकतो, फाटलेल्या शंकूला पातळ कागदाचे ठिगळ लावतो, वाळलेले कपॅसिटर बदलतो, आणि मग दोन निरनिराळ्या काळांतील ध्वनिक्षेपक शेजारी ठेवून एकच ध्वनिमुद्रण दोघांवर आळीपाळीने ऐकतो. या तुलनेचा एक नियम आहे, तो लक्षात ठेवा. दोघांचा आवाज सारख्याच मोठेपणाचा ठेवला पाहिजे. कारण किंचित मोठ्याने वाजणारा ध्वनिक्षेपक आपल्या कानाला उगाच अधिक चांगला वाटतो. हा नियम केवळ यंत्रांपुरता आहे काय? माणसांची पारख करतानाही जो मोठ्याने बोलतो तोच खरा, असे आपण किती वेळा मानून बसतो!

आपला बालाघाट जिल्हा पूर्वी नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. १९४८ साली नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, तेव्हापासून या भागातील कितीतरी घरांत रेडिओ आले. त्यांतील काही अजून कोनाड्यांत, फडताळांत पडून असतील. तुमच्या घरी असा एखादा जुना रेडिओ असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांच्या परवानगीने त्याची मागची बाजू पाहा. मात्र वीज जोडलेली असताना त्यास हात लावू नका, आणि जोडणी काढल्यावरही आतल्या भागांस जाणत्या माणसावाचून स्पर्श करू नका; त्यांत वीज साठून राहिलेली असू शकते. तेथे तुम्हांस कागदाचा एक शंकू दिसेल. एके काळी आजोबा-आजींनी ज्यातून बातम्या, कीर्तने आणि गाणी ऐकली, तो हाच.

चाळिशी उलटल्यावर, धंदा बुडत असताना, एका कापड व्यापाऱ्याने तळघरात बसून असाच एक शंकू हाती घेतला. त्याच्यापाशी पदवी नव्हती; चांगला कान होता, कष्टाळू हात होते आणि आपली चूक इतरांनी ऐकावी इतका प्रामाणिकपणा होता. सुतावरून स्वर्ग गाठता येतो, असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी सुतावरून सूर गाठला. आणि तो थट्टेचा विषय खचितच नव्हे.